पिंजऱ्यातली अमानत

माझी भाची बर्मिंगहॅमला असते. एके दिवशी इफ्तारनंतर तिचा फोन आला. ‘‘मामू, जनावरांचे डॉक्टर म्हणतात, आता दोघांना वेगळं ठेवा. हा जुल्म नाही का?’’

दोघं म्हणजे तिच्याकडची चिंचिलाची जोडी. मादी गाभण होती.

चिंचिला हा अँडीज पर्वतातला, खारीपेक्षा थोडा मोठा, कुरतडून खाणारा प्राणी. त्याची फर इतकी दाट, की एकेका छिद्रातून ५० हून अधिक केस उगवतात. त्या फरसाठीच माणसानं त्याची कत्तल केली. १९२३ साली मॅथायस चॅपमन या अमेरिकन खाण-अभियंत्यानं चिलीहून ११ चिंचिला कॅलिफोर्नियात नेले, तेही धंद्यासाठीच. आज घरोघरी दिसणारे बहुतेक चिंचिला त्यांचेच वंशज.

भाचीची व्यवस्था चोख होती. सुकं गवत, थंड खोली. पारा २५ अंशांवर गेला की या प्राण्याला उष्माघाताची भीती. पोटुशी मादी पडू नये म्हणून पिंजऱ्यातल्या उंच फळ्या तिनं काढून टाकल्या होत्या. अंग घोळायला बारीक धूळ. (हे प्राणी पाण्यानं नव्हे, धुळीनं स्वच्छ होतात. मला तयम्मुम आठवला.)

गाभणपण सुमारे १११ दिवसांचं. पण व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा माजावर येते. नर जवळ असला तर पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहते. आणि नर काही वाईट नसतो. पिल्लांना ऊब देतो. म्हणून भाचीचा जीव तुटत होता.

मांजरीला कोंडून मारणाऱ्या बाईची हदीस आपण वाझमध्ये ऐकतो. तिनं खायला दिलं नाही, एवढंच आपल्या लक्षात राहतं. आपलं पोट भरायला मोकळंही सोडलं नाही, हा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. चिंचिलाच्या बाबतीत ती दुसरी वाट बंदच आहे. बर्मिंगहॅमच्या बागेत सोडले तर ते मरतील. मग पहिल्या वाटेचं ओझं दुप्पट होतं.

मी तिला म्हटलं, ‘‘बेटा, डोंगरात मादीला नर नको असला तर ती दूर जाते. पिंजऱ्यात तिचा तो नकार आपण हिरावून घेतला. आता तो आपणच द्यायचा. वेगळं करण्यात जुल्म नाही. जोडी आणताना हा हिशेब केला नाहीस, तिथं चूक झाली.’’ जरा कडकच बोललो. एकट्या जनावराला करमणार नाही म्हणून तिनं जोडी आणली होती. मग दोन माद्या का नाही आणल्या?

तिनं दोन पिंजरे जाळीला जाळी लावून ठेवले. वास येतो, आवाज येतो. पिल्लं आठ आठवड्यांत दूध सोडतील, पण जोडी कायम अशीच ठेवायची का? डॉक्टर नराला खस्सी करा म्हणतात. फायदा असेल तर हनफी फकीह परवानगी देतात. आम्ही कोकणी शाफई, आमच्याकडे मत अधिक कडक. मौलानांना विचारून सांगतो, असं मी तिला म्हटलं होतं. अजून विचारलेलं नाही.