आळ आणि निवाडा

कोणावर आळ आला कीं आपण आधीं त्याचें तोंड पाहतों आणि मग पुरावा. अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत १९३१ सालच्या मार्चमध्यें मालगाडींतून जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय पोरांवर दोन गोऱ्या स्त्रियांनीं बलात्काराचा आळ घेतला. अवघ्या पंधरवड्यांत स्कॉट्सबरो गांवीं खटले उरकून आठ जणांना देहान्त शिक्षा ठोठावण्यांत आली. १९३३ सालीं त्या दोघींपैकीं रूबी बेट्स हिनें, असें कांहीं घडलेंच नव्हतें, अशी भर न्यायालयांत साक्ष दिली. तरी ज्यूरीनें आरोपीस पुनः दोषीच ठरविलें. फांशी कोणालाहि झाली नाहीं. पण शेवटचा मनुष्य सुटावयास १९५० साल उजाडलें, आणि उरलेल्या तिघांना माफी मिळाली ती २०१३ सालीं, मरणोत्तर!

स्त्रीच्या तक्रारीवर विश्वास ठेवूं नये, असा बोध यावरून कोणी घेईल तर तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं. स्त्रीच्या शब्दाला तेथें मान होता म्हणावें, तर रूबी बेट्सच्या शब्दाला तो कां मिळाला नाहीं? ज्यूरीनें मानला तो आपला पूर्वग्रह. हाच पूर्वग्रह एखाद्या दरिद्री स्त्रीची खरी फिर्याद कानावरहि घेत नाहीं. म्हणून फिर्याद पुरती ऐकावी आणि ती शाबीत होईपर्यंत आपली जीभ आवरावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे. न्यायालयानें दिलेली शिक्षा वरिष्ठ न्यायालय रद्द करूं शकतें. ओसरीवर बसून आपण दिलेली शिक्षा कोण रद्द करणार?