नागनिकेने जपलेला नवरा

नाणेघाटाच्या माथ्यावर, कोकणातून चढून येणारी वाट जिथे देशावर पाय ठेवते तिथे, कातळात एक लेणे कोरलेले आहे. जुन्नर तालुक्यातल्या घाटघर गावापासून ते जवळच. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरे आहेत आणि मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांची नावे. त्या नावांखाली एकेकाळी त्यांच्या मूर्ती होत्या. आता जेमतेम पायांच्या खुणा उरल्या आहेत. लेखाची भाषा प्राकृत, काळ साधारण इसवी सनापूर्वीचे पहिले शतक. सातकर्णी राजा गेल्यावर त्याच्या राणीने, नागनिकेने, हा लेख कोरवून घेतला असे बहुतेक अभ्यासक मानतात.

गेलेल्या नवऱ्याबद्दल ती काय सांगते?

लेख जागोजागी तुटला आहे. तरी जे वाचता येते त्यात आधी इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांना नमन आहे आणि पुढे यज्ञांची व दक्षिणेची लांबलचक यादी. दोन अश्वमेध, एक राजसूय. एका यज्ञात बारा गाई आणि एक घोडा दिला. दुसऱ्यात १,७०० गाई आणि १० हत्ती. आणखी एकात ११,००० गाई आणि १,००० घोडे. अश्वमेधाच्या दानात रुप्याच्या साजाने नटवलेला घोडा आहे. भारतात अंकचिन्हे कोरलेली जी सर्वांत जुनी उदाहरणे मिळतात, त्यांत या लेखाची गणना होते. हिशेब इतका नेटका आहे, की हे सगळे आपल्या डोळ्यांदेखत घडलेले सांगणारे माणूस बोलते आहे असे वाटत राहते.

आणि ती खरोखरच तिथे असणार. श्रौत यज्ञात यजमानाची पत्नी शेजारी लागतेच. अश्वमेधात तर राण्यांनी घोड्याच्या केसांत सोन्याचे मणी ओवायचे, असा विधी शतपथ ब्राह्मणात सांगितला आहे. त्याआधी तो घोडा वर्षभर मोकळा सुटे, आणि मागोमाग राजाचे रक्षक. यज्ञाच्या शेवटी त्याच घोड्याचा बळी जाई, हेही विसरता येत नाही. नागनिकेच्या आठवणीतला सातकर्णी असा आहे: जनावरांचा धनी, घोडा मोकळा सोडणारा, हात सैल ठेवून देणारा. सिनेमाने जगभर नेलेल्या अमेरिकेतल्या काउबॉयच्या कितीतरी शतके आधी, गुरे-घोडे आणि मोकळे रान यांत रमलेल्या पुरुषाचे हे चित्र जुन्नरच्या खडकात एका बाईने ठेवले.

त्या वृत्तीची माणसे या मुलखात आजही आहेत. जुन्नर, आंबेगाव आणि खेड तालुक्यांत यात्रा म्हटली की बैलगाडा आलाच. आंबेगावात नागापूरच्या थापलिंग गडावर खंडोबाची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. घाटाच्या चढावर चार बैलांचा गाडा सुटतो, पुढे घोडी पळते आणि सेकंदांवर निकाल लागतो. गाडामालक घरच्या लेकरासारखा बैल सांभाळतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. बैलाला मारहाण करायची नाही, ही त्यातली अट शौकिनाच्या प्रेमाचीच कसोटी आहे.

असा गाडामालक जातो तेव्हा गाव त्याला विसरत नाही. त्याच्या स्मरणार्थ बक्षिसे लागतात, फलकावर फोटो येतो, माईकवर नाव पुकारले जाते. पहाटे उठून वैरण टाकणारी, बैलांना पेंड कालवणारी त्याची बायको मात्र त्या फलकावर क्वचितच दिसते. धर्माचा खरा प्रश्न इथे आहे. नवऱ्याची आठवण कोणी आणि कशी जपायची? जपणारीने स्वतः पुसले जावे, अशी अट त्या आठवणीला आहे का?

आपल्याकडच्या दगडांनी याची दोन उत्तरे दिली आहेत. महाराष्ट्रात गावोगावी देवळांबाहेर वीरगळ उभे दिसतात. कित्येकांच्या खालच्या पट्टीत गाई असतात आणि त्या वाचवताना पडलेला वीर. मधल्या पट्टीत त्याला अप्सरा नेतात. वर तो शिवलिंगाची पूजा करतो. कुठे कुठे सतीचा दगडही असतो. त्यावर कोपरात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला एक हात. चेहरा नाही, बहुधा नावही नाही. पुरुषाची आठवण राहावी म्हणून बाईचा फक्त चुडा उरला. नाणेघाटात मात्र बाई जिवंत आहे, तिचे नाव आहे, मुलांची नावे आहेत, आणि नवऱ्याचे मोठेपण ती स्वतः मांडते आहे.

यावर कोणी म्हणेल, नागनिकेनेही व्रत घेतलेच होते. हे खरे आहे. महिनामहिना उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखी जगणारी, ब्रह्मचर्य पाळणारी असे तिचे वर्णन त्याच लेखात आहे. पण हे व्रत तिला कोपऱ्यात बसवत नाही. तिच्या वैराग्याची नोंद राजाच्या घोड्यांइतक्याच अभिमानाने तिथे कोरली गेली. दुःख तिचे आहे, त्याचे रूप ठरवण्याचा अधिकारही तिचा आहे. कपाळ पुसणे, बांगड्या फोडणे, शुभकार्यातून उठवणे या गोष्टी दुसरे लोक तिच्या दुःखावर लादतात, आणि त्यात ना गेलेल्याचे स्मरण असते ना श्रद्धा.

खंडोबाच्या भक्तांना हे वेगळे सांगायला नको. त्यांचा देव घोड्यावर असतो आणि कितीतरी टाकांवर म्हाळसा त्याच घोड्यावर त्याच्यासोबत असते. स्वाराची आठवण तिच्याशिवाय पुरी होतच नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवण्याचे आवाहन केले. जुन्नर-आंबेगावातल्या गावांना तर कोल्हापूरकडे बघण्याचीही गरज नाही. त्यांच्याच घाटमाथ्यावर दोन हजार वर्षांचा दाखला आहे. यंदाच्या यात्रेत ज्या गाड्याचा मालक हयात नाही, त्या गाड्याचा नारळ त्याच्या बायकोच्या हातून फोडावा, मळवट भरलेल्या बायांच्या रांगेत तिलाही उभे करावे, आणि फलकावर त्याच्या नावाशेजारी तिचेही नाव लिहावे.