हास्य, आश्रय आणि समक्षता

विनोदाची नैतिक चिकित्सा करताना समीक्षा बहुधा एकच प्रश्न विचारते : हसले कोणाला जाते, दुर्बलाला की सबलाला? हा प्रश्न आवश्यक असला तरी अपुरा आहे. विनोदकाराला पैसा कोण देतो आणि ज्याला हसले जाते तो त्या वेळी कोठे असतो, हे दोन प्रश्न त्याला जोडल्याशिवाय हास्याची नीती स्पष्ट होत नाही. सांगली-साताऱ्याच्या परिसरातील रंजनव्यवहार या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

१८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले, ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, आश्रय सुटला आणि भावे मंडळी घेऊन बाहेर पडले. १८५३ मध्ये मुंबईत त्यांचे प्रयोग तिकीट लावून झाले. मराठी रंगभूमीवरील उद्योजकता अशी आश्रय गमावण्यातून आली. राजाला प्रसन्न ठेवण्याच्या बंधनाची जागा तिकीट घेणाऱ्याला प्रसन्न ठेवण्याच्या बंधनाने घेतली.

तमाशाची व्यवस्था याहून निराळी. जत्रेसाठी गाव वर्गणी काढून फडाला सुपारी देते. सोंगाड्या वगात पाटलाची, सावकाराची रेवडी उडवतो, तेव्हा ती माणसे पुढे बसलेली असतात; प्रत्युत्तर तेथेच मिळू शकते. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी पठ्ठे बापूराव झाले ते याच समक्षतेच्या कलेत. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी तिलाच लोकनाट्याचे राजकीय रूप दिले. अर्थात या समक्षतेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. सोंगाड्याची मुभा वगापुरती होती; फडातील कलावंतांच्या, विशेषतः स्त्रियांच्या वाट्याला आलेली अवहेलना त्या मुभेने पुसली नाही.

‘सोंगाड्या’ (१९७१) या चित्रपटाने हे पात्र पडद्यावर नेले आणि समक्षता तुटली. आंतरजालावरील चित्रफितींत हे तुटणे पूर्ण झाले, असे प्रथमदर्शनी वाटते. साताऱ्याच्या ‘कोरी पाटी प्रॉडक्शन’ची ‘गावाकडच्या गोष्टी’ ही यूट्यूबवरील मालिका गावातले जगणेच विषय म्हणून घेते, आणि तिचा प्रेक्षक कोठेही असू शकतो. पैसा देणारा येथे राजा नाही, गाव नाही, प्रेक्षकही नाही; तो जाहिरातदार आहे आणि विनोदाशी त्याला कर्तव्य नाही. २०१८ मध्ये यूट्यूबने जाहिरातीतील वाट्यासाठी एक हजार वर्गणीदार आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे प्रेक्षण ही अट घातली. या व्यवहारात मोजला जातो तो वेळ. हसू कोणत्या जातीचे आहे, हे मोजण्याचे साधन तेथे नाही. साहजिकच दारुडा, भांडकुदळ बायको, भोळा गडी असे हमखास चालणारे साचे पुन्हापुन्हा वापरण्याचा मोह या अर्थव्यवस्थेतच रुजलेला आहे.

यावर देशीयतेच्या अंगाने एक आक्षेप संभवतो : गावचाच माणूस गावाला हसत असेल, तर ते आत्मपरीक्षण होय, त्यात अन्याय कसला? या युक्तिवादात ‘गाव’ हा शब्द एकवचनी गृहीत धरला आहे. बागायतदाराचा मुलगा आणि त्याच्या रानात राबणारी मजूर स्त्री दोघेही गावचेच. कॅमेरा एकाच्या हाती असतो आणि दुसरीचे बोलणे विनोदाचा कच्चा माल ठरते. हास्याला भावनेची तात्पुरती बधिरता लागते, असे बर्गसाँने १९०० मध्ये प्रतिपादिले होते. प्रश्न असा, की ही बधिरता कोणाच्या खर्चाने विकत घेतली जाते?

तरीही या व्यवहाराला शहरी निर्मितीगृहांपासून वेगळे काढणारी एक गोष्ट आहे. प्रेक्षक दूर गेला असला तरी निर्माता गावातच राहतो. ज्याच्या लकबीवर लाखो अनोळखी माणसे हसली, तो दुसऱ्या दिवशी पारावर भेटतो आणि विचारू शकतो. त्याला उत्तर देण्याचे बंधन कोणताही करार घालत नाही; शेजार घालतो. अर्थात ज्याला पारावर बसण्याची मुभा आहे, त्यालाच हे विचारता येते. म्हणून गावातल्या विनोदाची खरी कसोटी त्याला किती जण हसले ही नव्हे. ज्याच्यावर तो बेतला, त्याच्यासमोर आणि त्याच्या घरातल्यांसमोर तो पुन्हा सांगता येतो का, ही आहे.