गोल वाट

सुरतेच्या उधन्यात खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. त्यांतल्याच एका घरातला तरुण लूमच्या कारखान्यात कामाला होता. पै-पै साठवून त्याने डोंगरावर चालवायची गिअरची सायकल घेतली. तापीच्या काठाने फिरला, डुमसच्या रस्त्यानेही जाऊन आला. पण सुरत पडली सपाट. म्हणून एका सुटीला तो एसटीच्या टपावर सायकल चढवून सापुताऱ्याला गेला. डांग जिल्ह्यातले हे गाव सह्याद्रीच्या माथ्यावर, नाशिक जिल्ह्याच्या सीमेला लागूनच आहे.

पावसाळा नुकताच सरला होता. सागाच्या आणि बांबूच्या रानातून एक पायवाट टेकडीला वळसा घालून निघाल्या जागी परत येत होती. तिच्यावरून मोळ्या घेऊन गावकरी जात, हौशी भटकेही चालत. तरुणाने दोन फेऱ्या मारायचे ठरवले.

पहिला चढ त्याने एका दमात पार केला आणि पलीकडच्या उताराला सायकल सोडली. वळणावर समोरून काही माणसे चढून येत होती. पुढे काठी टेकत एक आजोबा, मागे त्यांचा नातू.

“बाजूला व्हा!” तरुण ओरडला.

आजोबा घाईने कडेच्या गवतात सरकले, तोल जाता जाता सावरले. तरुणाने ब्रेक करकचून दाबला. मागचे चाक घसरले, ओल्या मातीत लांबच लांब चर पडला. तो थांबला नाही. ‘चालणाऱ्यांनी सायकलीच्या वाटेत यावेच कशाला?’ असे मनाशी म्हणत पुढे निघून गेला.

दुसऱ्या फेरीत मात्र त्याच चढाने त्याचा दम काढला. पोटऱ्या भरून आल्या. तो उतरला आणि सायकल ढकलत पायी चढू लागला. वाट अरुंद, एका अंगाला दरी. माणूस आणि सायकल मिळून सगळी वाट अडली होती. तेवढ्यात वरून तीच मंडळी उतरताना दिसली.

तरुणाने मान खाली घातली. आता बोलणी खावी लागणार, असे त्याला वाटले. पण आजोबा थांबले. नातवाला त्यांनी डोंगराच्या अंगाला घेतले आणि म्हणाले, “ये भाऊ, तू आधी ये. चढणाऱ्याचा दम मोडू नये.”

तरुण ओशाळला. “आजोबा, मघाशी मी तुम्हाला वाट दिली नाही. आणि तुम्ही मला देताय?”

“मघाशी आम्ही चढत होतो, आता तू चढतोयस. वाट तीच आहे, पोरा.”

जगभरच्या डोंगरी सायकलस्वारांमध्ये हाच नियम मानला जातो : सायकलवाल्याने चालणाऱ्याला वाट द्यावी आणि उतरणाऱ्याने चढणाऱ्याला. कारण उतरणाऱ्याला फक्त ब्रेक लावायचा असतो. चढणाऱ्याला मात्र मोडलेली लय पुन्हा पहिल्यापासून धरावी लागते.

तरुणाने आजोबांच्या पायांना हात लावला आणि पुढे निघाला. या खेपेला तो उतारावर सावकाश आला, प्रत्येक वळणाआधी घंटी वाजवत. मोळी घेतलेली एक बाई समोर दिसताच तो खाली उतरला आणि सायकल कडेला घेऊन उभा राहिला. पुढे त्याला आपणच पाडलेला चर दिसला. असाच राहिला तर पुढच्या पावसाचे पाणी त्यातूनच धावेल आणि वाट खचेल, हे त्याला कळले. त्याने दगड गोळा केले, चरात आडवे बसवले, वर माती दाबली आणि मगच सायकलीवर बसला.

तात्पर्य : वाट सर्वांची असते. ज्याचा वेग जास्त, त्याने आधी थांबावे. कारण आज मागे टाकलेला माणूस उद्या आपल्याच चढावर समोर उभा असतो.