ब्राउझरची स्मृती प्रमाण मानावी का?

स्मृती हे प्रमाण आहे का, हा भारतीय दर्शनांतला जुना वाद. नैयायिक ज्ञानाचे अनुभव आणि स्मृती असे दोन भाग करतात आणि प्रमेचा, म्हणजे खऱ्या ज्ञानाचा, मान फक्त यथार्थ अनुभवाला देतात. नवव्या शतकातल्या काश्मीरच्या जयंत भट्टाने 'न्यायमंजरी'त त्याचे नेमके कारण दिले: जी वस्तू आठवते ती आठवण्याच्या क्षणी समोर नसते. स्मृती वस्तूपासून जन्मत नाही, मागे उरलेल्या संस्कारापासून जन्मते. उलट जैन आचार्य अकलंकांनी तिला परोक्ष प्रमाणांत हक्काची जागा दिली. मोबाइलवर एखादे पान उघडले की हाच वाद पुन्हा उभा राहतो, कारण ब्राउझर जे दाखवतो त्यातले बरेचसे त्याने आत्ता आणलेले नसते. त्याला ते आठवलेले असते. या आठवणीच्या साठ्याला कॅश म्हणतात आणि वेबसाइट झटकन उघडते ती बहुतेक वेळा त्याच्याच बळावर.

आठवणीवर किती विसंबावे, हे सर्व्हर फाइलसोबत पाठवलेल्या हेडरमध्ये सांगतो. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाचे नियम ठरवणाऱ्या, 1997 साली आलेल्या एचटीटीपी 1.1 ने यासाठी कॅश-कंट्रोल हे हेडर दिले. त्यात मॅक्स-एज म्हणून सेकंदांची मुदत असते. ती संपेपर्यंत ब्राउझर कोणालाही न विचारता आपली प्रत खरी मानतो. कुमारिल भट्टाचे स्वतःप्रामाण्य याच वळणाचे आहे: बाधक ज्ञान पुढे येईपर्यंत ज्ञान आपल्या बळावरच प्रमाण. त्याच हेडरमधल्या नो-कॅश या सूचनेचा मार्ग वेगळा. नावावरून साठवण्याची मनाई वाटते, पण साठवायला मुभा असते. फक्त वापरण्याआधी दर वेळी विचारायचे. ब्राउझर आपल्याजवळच्या प्रतीची खूण, म्हणजे ईटॅग, पाठवतो आणि काही बदलले नसेल तर सर्व्हर मजकूर न देता 304 एवढेच उत्तर देतो. हे परतःप्रामाण्य झाले. खरेपणाची ग्वाही बाहेरून यावी लागते.

मग सत्याची चाड असलेल्याने नेहमी दुसराच मार्ग धरावा, असे कोणी म्हणेल. काही मिलिसेकंदांसाठी शिळे दाखवण्याचा धोका का घ्यावा? आक्षेप वजनदार आहे, पण 'ताजे' म्हणजे काय हे त्यात गृहीत धरलेले आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्याला 125 मिलिसेकंद, आणि 304 मुळे मजकुराचे ओझे वाचले तरी ही खेप चुकत नाही. सर्व्हरने दिलेले उत्तर हाती पडते तेव्हा तेही भूतकाळातलेच असते. दूरच्या वस्तूचे शुद्ध वर्तमान कोणालाच मिळत नाही. तेव्हा आठवण वापरावी की नाही, यापेक्षा ती आठवण कशाबद्दल काय दावा करते, हे पाहायला हवे.

तंत्रज्ञांनी काढलेली सर्वांत चांगली तोड इथेच सापडते. एका नावाच्या फाइलला वर्षभराची मुदत दिली आणि दुसऱ्याच दिवशी ती बदलली, तर जुनी प्रत बाळगणाऱ्या ब्राउझरपर्यंत बाधक ज्ञान पोचतच नाही. नव्या पानाला जुनी स्क्रिप्ट जोडली जाते आणि पान मोडते. म्हणून फाइलच्या मजकुरातूनच गणिताने एक ठसा काढून तो नावात घालतात. एक अक्षर बदलले तरी नाव बदलते. अशा फाइलला 3,15,36,000 सेकंदांची, म्हणजे पूर्ण वर्षाची मुदत निर्धास्त देता येते. 2017 पासून तिला इम्यूटेबल, अर्थात अपरिवर्तनीय, असे घोषितही करता येते. बौद्ध क्षणिकवाद्यांना हे पटले असते: बदललेली ज्योत 'तीच' नव्हे, तिला तीच म्हणणे ही नावाने केलेली भूल. नाव आणि वस्तू यांचे नाते संकेताने ठरते हे नैयायिकांचे मत मात्र इथे लागू पडत नाही. नाव वस्तूतूनच निघते. मीमांसकांच्या अतूट शब्दार्थसंबंधाला एरवी इतके जवळचे उदाहरण मिळणे कठीण. सध्या कोणते नाव चालू आहे ते सांगणारे मुख्य पान तेवढे दर वेळी विचारून घ्यायचे. 'या नावाची वस्तू अशी आहे' एवढेच म्हणणारी स्मृती चुकत नाही. 'आत्ता असे आहे' असे ती म्हणू लागली, की जयंत भट्टाचा आक्षेप तिला लागू होतो.

यंत्राला ज्ञान नसते, ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे, मग प्रामाण्याची भाषा कशाला, असेही विचारता येईल. मान्य, जाणणारा वाचकच असतो. पण त्याच्यापर्यंत ही माहिती शब्दप्रमाण म्हणून येते आणि शब्दाला आप्त लागतो: वस्तू स्वतः जाणणारा आणि जाणली तशी सांगू इच्छिणारा. इथे तो आप्त म्हणजे हेडर लिहिणारा माणूस. चुकीच्या भीतीने सगळ्यावर नो-स्टोअर, म्हणजे साठवूच नका, असे लिहिणारा सावध वाटतो, पण मोजका डेटा असलेल्या माणसाला तो एकच लोगो पुन्हा पुन्हा विकत घ्यायला लावतो. याला मी अन्यायच म्हणेन. जुने दाखवत मागून नवे आणण्याची जी सोय 2010 पासून आहे, ती किल्ल्याच्या इतिहासाच्या पानाला शोभते. लासलगावच्या कांद्याच्या दराला नाही, कारण त्या आकड्यावर ट्रॅक्टर भरायचा की नाही हे ठरते. वाटेतल्या साठ्यातून आलेल्या उत्तराला एज नावाचे हेडर असते, ते किती सेकंद साठ्यात होते हे सांगणारे. ब्राउझर ते वाचतो, शेतकऱ्याला ते दिसत नाही. दराशेजारी तो किती वाजताचा आहे हे छापले, तर जुना आकडाही खोटे बोलत नाही.