निकालपत्रातले टिळक

ओळखीचे एक कर सल्लागार परवा म्हणाले, "निकालातले श्लोक, इतिहास, थोरांची वचनं सगळं खोडून टाका. कराच्या आकड्यात पैशाचाही फरक पडणार नाही." हे मला टोचत राहिलं.

काही अवतरणांपुरतं ते खरं आहे. कौटिल्य किंवा 'रघुवंशा'तला दिलीप राजा करविषयक लिखाणात सवयीनेच येतात. ती आरास. पण काही संदर्भ पुरावा म्हणून येतात, आणि त्यांचा विचार या गृहस्थांनी केलेलाच नाही.

१९७६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे मद्रासचा संपत्तीकराचा खटला होता. वडील हिंदू, आई ऑस्ट्रियन वंशाची ख्रिश्चन. मग बापलेकांचं 'हिंदू अविभक्त कुटुंब' होतं का? हिंदू कोणाला म्हणायचं, हे पाहताना न्यायालयाने लोकमान्य टिळकांची व्याख्याही विचारात घेतली. मुलगा हिंदू ठरला, म्हणून अविभक्त कुटुंबही ठरलं आणि करखातं हरलं. इथे टिळक खोडून दाखवा!

मात्र याच वाटेने २०१२ च्या नागपूरच्या निकालापाशी आलो की माझा उत्साह ओसरतो. एका शिवमंदिर संस्थानाला देणगीदारांना करसवलत मिळावी म्हणून आयकर कायद्याच्या कलम ८०जीची मान्यता हवी होती. धार्मिक खर्च उत्पन्नाच्या ५ टक्क्यांवर गेला तर ती मिळत नाही, म्हणून आयुक्तांनी नकार दिला. आयकर अपील न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की शिव, हनुमान, दुर्गा या विश्वातल्या शक्ती आहेत, त्या कोण्या एका धर्माच्या नाहीत. तेव्हा हा खर्च धार्मिक नव्हे. संस्थान जिंकलं. पण त्याच शहरात अभिषेकाला बसलेल्या कुणालाही विचारा, तो काय सांगेल?

विदर्भातलाच दुसरा खटला आठवतो. विड्याचं पान भाजीत मोडतं का, हा अकोल्याचा विक्रीकराचा वाद. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने वनस्पतिशास्त्र बाजूला ठेवलं, लोक रोज काय म्हणतात ते पाहिलं आणि पान भाजी नाही असं ठरवलं. नागपुरात मात्र उलट झालं: तत्त्वज्ञान वर बसलं आणि लोकांचा रोजचा अनुभव खाली राहिला.

आता मला आराशीची काळजी वाटत नाही. ती कुणाचा कर वाढवत नाही की माफ करत नाही. काळजी आहे ती पुरावा होऊन येणाऱ्या संदर्भांची. न्यायाधिकरणाच्या खंडपीठावर एक न्यायिक सदस्य असतो, एक लेखा सदस्य. वहीतली नोंद जशी उलटसुलट तपासली जाते, तशीच ग्रंथातल्या विधानाचीही तपासणी व्हावी. न्यायाधिकरणाने टिळक आणावेत, पुराणं आणावीत. पण ज्या संदर्भावर कर ठरणार असेल तो सुनावणीतच दोन्ही बाजूंपुढे ठेवावा आणि त्यांचं म्हणणं ऐकूनच निकाल लिहावा.