वार, अन्नछत्र आणि परदेशातील मोफत शिधा

परदेशी राहणाऱ्या तरुणाने कमी खर्चात राहावे, स्वस्तात हिंडावे, यात गैर ते काय, असा प्रश्न सहज विचारला जातो. आमच्या मते गैर काहीच नाही. चौघांनी मिळून एक खोली घ्यावी, स्वयंपाक आळीपाळीने करावा, रात्रीच्या बसने प्रवास करून मुक्कामाचे भाडे वाचवावे, या गोष्टी तरुणपणीच जमतात आणि तेव्हाच शोभतात. प्रश्न निराळाच आहे. वाचलेला पैसा कोणाच्या वाट्यातून वाचला, हा तो प्रश्न होय. कॅनडात शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या निमित्ताने गेल्या काही वर्षांत तो आपल्या घरांपर्यंत येऊन ठेपला आहे.

कॅनडात ‘फूड बँक’ नावाची व्यवस्था आहे. तेथील पहिली फूड बँक १९८१ साली एडमंटन येथे निघाली. नागरिकांनी आणि दुकानदारांनी दिलेला शिधा गोळा करावयाचा व तो गरजूंना विनामूल्य वाटावयाचा, असे तिचे स्वरूप. २०२२ नंतर महागाई वाढली तशी या केंद्रांपुढील रांग लांबली आणि त्या रांगेत परदेशी विद्यार्थी दिसू लागले. अशा मोफत किराण्यातून महिन्याचा खर्च कसा वाचवावा, हे इतरांना शिकविणाऱ्या चित्रफितीही पसरल्या, आणि मग वाद पेटला. ब्रॅम्प्टनमधील एका केंद्राने परदेशी विद्यार्थ्यांना शिधा देणे थांबविले; व्हँकुव्हर परिसरातील एका संस्थेने २०२४ मध्ये पहिल्या वर्षाच्या परदेशी विद्यार्थ्यांना वगळले.

यावर आपल्यातील काही वडीलधारी मंडळी म्हणतात, “आपल्याकडेही मुले फुकट जेवूनच शिकली ना?” हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वार लावून जेवणारा विद्यार्थी आपल्या जुन्या घरांना अनोळखी नाही. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे जेवून कित्येकांनी शिक्षण पुरे केले. धर्मानंद कोसंबी १८९९ साली गोव्यातील घर सोडून निघाले, ते काशीस अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. पुढे नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा त्यांचा प्रवास झाला, आणि तोही लोकांच्या दातृत्वावरच. स्वस्तात प्रवास करणारा आणि परदेशी राहून शिकणारा त्यांच्यासारखा मराठी तरुण विरळा. सयाजीराव महाराजांनी त्यांस दरमहा ५० रुपये वेतन दिले आणि १९१० साली ते हार्वर्ड विद्यापीठात गेले, हे सारे नंतरचे.

परंतु वाराचे जेवण घालणाऱ्या गृहिणीस समोर बसलेला मुलगा कोण, कोठला, त्याच्या घरी काय आहे, हे ठाऊक असे. अन्नछत्र काढणाऱ्याने विद्यार्थी जेवावा म्हणूनच ते काढलेले असे. कोसंबींच्या पानात पडलेला भात त्यांच्याचसाठी शिजला होता. फूड बँकेत डबाबंद कडधान्य आणून ठेवणारी एडमंटनची एखादी म्हातारी ते कोणासाठी ठेवते? ज्याला दुसरा आधार उरला नाही, अशा शेजाऱ्यासाठी. आपल्या निर्वाहाची रक्कम आपल्यापाशी आहे असे सरकारला लिहून देऊन आलेला तरुण तिच्या मनात नसतो.

विद्यार्थी परवान्यासाठी शुल्क व प्रवासखर्चाव्यतिरिक्त निर्वाहाचे १०,००० कॅनेडियन डॉलर दाखवावे लागत. १ जानेवारी २०२४ पासून ही रक्कम २०,६३५ झाली आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. (क्यूबेक प्रांताचा हिशोब वेगळा.) ‘आहेत’ म्हणून दाखविलेले पैसे रांगेत उभे राहताना ‘नाहीत’ होतात, ही यातली खरी अडचण. आमच्या नोकरीतील काही वर्षे उत्पन्नाचे दाखले तपासण्यात गेली. खोटा दाखला आणणारा मनुष्य बहुधा दुष्ट नसे. “सगळेच आणतात,” एवढेच त्याचे म्हणणे असे. परंतु यादीतील संख्या ठरलेली असे. त्याच्या नावामुळे खालचे कोणते नाव गळले, ते तो कधी पाहत नसे. आम्ही पाहत असू.

तथापि सारा दोष तरुणांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ती १०,००० डॉलरची मर्यादा सुमारे २ दशके हलली नव्हती. तेवढ्या काळात घरभाडी कोठल्या कोठे गेली. परदेशी विद्यार्थ्याकडून स्थानिकाच्या कित्येक पट शुल्क घेणाऱ्या महाविद्यालयांनी तो राहणार कोठे, खाणार काय, याची फारशी विचारपूस केली नाही. कामाच्या तासांवरील बंधन नोव्हेंबर २०२२ मध्ये उठविले आणि एप्रिल २०२४ अखेर पुन्हा लादले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आठवड्याला २४ तासांची मर्यादा ठरली. जास्तीच्या मिळकतीवर ज्याने महिन्याचे गणित बसविले होते, त्याचे गणित मधेच मोडले. विद्यार्थ्यांच्याच वर्गणीतून काही विद्यापीठांत शिध्याची कपाटे चालतात. तेथून दोन पाकिटे उचलणाऱ्याला कोणी बोल लावू नये.

मोफत शिध्यावर महिना काढून वाचलेल्या पैशांत बॅन्फची बर्फाळ शिखरे पाहावयास निघालेल्या तरुणाचा न्याय करणे सोपे आहे. त्याने प्रवास जरूर करावा, पण ते तिकीट त्याने स्वतःच्या काटकसरीतून काढलेले नाही. आमची विचारशक्ती अडखळते ती त्याच खोलीत राहणाऱ्या दुसऱ्या मुलापाशी. त्याच्या घरच्यांनी दाखविण्याची रक्कम उसनी आणलेली असते, आणि पोहोचल्यावर ती थोडी थोडी परत धाडण्याचे ठरलेले असते. घरी फोनवर तो “पैसे पुरतात” असे सांगतो. केंद्राच्या खिडकीशी “माझ्याजवळ काही नाही” असे तो म्हणतो तेव्हा ते अक्षरशः खरे असते. खोटे होते ते परवान्याच्या अर्जावरचे. त्याला शिधा मिळावा, असेच आमचे मत आहे, आणि विद्यार्थ्यांना सरसकट वगळणाऱ्या नियमाने पहिला बळी त्याचाच जातो. जाब विचारावयाचाच झाला तर तो इकडे विचारावा, ज्या बैठकीच्या खोलीत त्या रकमेची जुळवाजुळव झाली तेथे.